खाली ठेवलेला पेला

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अकरा माणसं आमच्या दारात आली आणि त्यातल्या एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. काम माझ्याकडे होतं. सही माझी, शिक्का माझा, अबू मिसबाहच्या कॅफेला ठोकलेलं सील माझं. पण विचारायचं होतं माझ्या थोरल्या भावाला, मुजल्लीला, ज्याला सकाळी स्वतःच्या मोज्यांची जोडी सापडत नाही. कारण काय, तर तो घरचा पुरुष. मी अठ्ठावीस वर्षं आरोग्य खात्यात निरीक्षक आहे. या गावातल्या एकूण एका खाटकाच्या फ्रीजमध्ये माझं डोकं जाऊन आलंय. तरी जाहा यायची ती मुजल्लीकडे.

गावातली वजनदार माणसं मिळून कुणाच्या दारी मागणं घेऊन जातात, ती जाहा. लग्नाची मागणी असो की खुनाची माफी, रीत एकच. यजमान कडू कॉफी देतो. म्होरक्या पेला हातात घेतो आणि न पिता समोर ठेवतो. आमचं मागणं पुरं होईस्तोवर पिणार नाही, म्हणतो. झाली यजमानाची गोची. पाहुणा न पिता उठला तर त्या घराला तोंड दाखवायला जागा उरत नाही, म्हणून शंभरात नव्व्याण्णव वेळा यजमान ‘प्या, दिलं’ म्हणून मोकळा होतो.

मुजल्ली तर पेला खाली टेकायच्या आधीच ‘दिलं’ म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. अकरा माणसं आपल्या दिवाणखान्यात बसली या आनंदातच तो अर्धा विरघळला होता. आणि देणार काय होता? आमच्या धाकट्या भावाचा श्वास.

धाकटा म्हणजे खलफ. चव्वेचाळीस वर्षांचा आहे. बावीस वर्षं अबू मिसबाहकडे निखारेवाला. हुक्क्याच्या चिलमीवरचे विझलेले निखारे चिमट्यानं उचलायचे, लाल ठेवायचे, पुढच्या टेबलाला जायचं, दिवसभर हेच. गिऱ्हाईक त्याला नावानं हाक मारत नाही, ‘विस्तव’ म्हणून ओरडतं. स्वतः त्यानं जन्मात हुक्का ओढला नाही. त्याची गरजच पडली नाही, इतरांचाच त्याच्या छातीत भरपूर गेला.

गेल्या वर्षी नियम आला. चार भिंतींच्या आत हुक्का बंद, उघड्या अंगणात चालेल. अबू मिसबाहनं हुक्के अंगणात नेले आणि उन्हाळाभर सगळं बरं चाललं. थंडी पडली तसे त्यानं अंगणाला चारी बाजूंनी जाड नायलॉनचे पडदे लावले, वर पत्रा टाकला, मधोमध शेगडी ठेवली. मी तपासायला गेले तर म्हणतो, “सित्त नजाह, बाईसाहेब, ही काय भिंत आहे? बोट लाव, हलते बघ.”

“कबरीवरची माती पण हलते,” मी म्हटलं. “काढ ते.”

काढतो म्हणाला. दोनदा म्हणाला. जानेवारीत एका दुपारी खलफ त्या नायलॉनच्या आत उभ्याउभ्या पडला. चिमटा हातातच होता. एका गिऱ्हाइकानं म्हणे आधी आपला निखारा पायानं सरकवला आणि मग त्याला हाक मारली. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू रक्तात गेलाय, अजून अर्धा तास कोणी बघितलं नसतं तर संपलं होतं. तीन दिवस नळीवर होता. मी इस्पितळातून निघाले ती सरळ कॅफेवर गेले आणि सील ठोकलं. अबू मिसबाह शेजारी उभा राहून घाम पुसत होता, थंडीत.

आता पुढचंही सांगते, कारण ते निघणारच आहे. नियमात असं आहे की मालकानं पडदे काढले, कोळशाला धुराडं केलं, अर्ज दिला, की आठवड्यात पाहणी करून सील काढायचं. अबू मिसबाहनं तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं नायलॉन फाडून काढलं. नवं धुराडं बसवलं. अर्ज दिला. तो अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये चहाच्या डब्याखाली होता. चाळीस दिवस. लाज वाटते का म्हणाल, तर तेव्हा वाटत नव्हती. ज्यानं माझ्या भावाला कोंडून मारायला काढलं त्याला मी जरा थंडीत बसवलं, एवढंच माझ्या मनात होतं.

गाव मात्र माझ्यावर उलटलं. बेकरीवाला मला करपलेल्या भाकऱ्या काढून देऊ लागला. अबू मिसबाह चौकात उभा राहून, मला ऐकू जाईल असं म्हणायचा, “हिचं सील गरिबाच्याच दाराला चिकटतं. वर टेकडीवर नेलं की डिंक सुकतो.”

ते मला झोंबायचं, कारण खरं होतं. टेकडीवर हॉटेल आहे. काचेच्या भिंती, जाड गालिचे, नव्वद हुक्के, आणि खिडकी एकही उघडत नाही. पण हॉटेलला तारे आहेत. ताऱ्यांमुळे ते दुसऱ्या खात्याखाली जातं, आणि त्या खात्याला हुक्क्याचा धूर दिसत नाही, पाहुणे दिसतात. मी चार पत्रं लिहिली. चारही वेळा एकच उत्तर आलं, हे आपल्या अखत्यारीबाहेर आहे. अबू मिसबाहला सील लागल्यापासून त्याची सगळी गिऱ्हाइकं वर गेली, ते वेगळंच. खरं बोलून कोणी मला टोचलं की मी आणखी वाकड्यात शिरते. अर्ज डब्याखालीच राहिला.

तर शुक्रवारी अकरा माणसं दिवाणखान्यात बसली. सगळ्यांत पुढे हाज सल्लूम, पंच्याहत्तरीचा, गावातली निम्मी लग्नं त्यानं जुळवलेली आणि निम्मी भांडणं त्यानंच मिटवलेली. मी स्वयंपाकघरात होते. माझी भावजय फिद्दा वेलदोडे कुटत होती.

“नजाह, पाणी उकळलं,” ती म्हणाली.

मी गॅस बंद केला. किटली उचलून सिंकमध्ये उपडी केली. कॉफीचा डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

फिद्दाचा हात थांबला. “हे काय आता?”

“पेला नसेल तर खाली काय ठेवतील? टोप्या?”

फिद्दा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तोंडाला ओढणी लावून हसू लागली. तिचं माझं वीस वर्षांत कधी पटलं नाही, पण मुजल्लीची फजिती बघायला तिला मनापासून आवडतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाहेर तब्येतीच्या चौकशा संपल्या, पावसाच्या संपल्या, ऑलिव्हच्या पिकाच्या पण संपल्या. खोकणं सुरू झालं. कॉफी आल्याशिवाय मागणं काढता येत नाही आणि मागणं काढल्याशिवाय उठता येत नाही. मुजल्ली आत आला. कपाळावर घाम.

“कॉफी कुठाय?”

“माझ्या मांडीवर.”

“नजाह, माझी अब्रू जाईल. अकरा माणसं बसलीत.”

“मोजली मी. खलफ पडला तेव्हा यातलं एकजण इस्पितळात आलं होतं? एक नाव सांग.”

“तो वेगळा विषय आहे.”

“तोच विषय आहे, मुजल्ली. तू हो म्हणणार, उद्या नायलॉन परत लागणार, आणि परवा खलफ परत त्यात उभा राहणार. तू माझा शिक्का वापरून माझा भाऊ देतोयस.”

“माझा पण भाऊच आहे तो,” मुजल्ली हळू म्हणाला. मग आवाज आणखी खाली आणून, “डबा दे ना गं.”

दिवाणखान्यातून हाज सल्लूमचा आवाज आला, मुद्दाम मोठा केलेला. “मुजल्ली, या घरची कॉफी संपली असेल तर सांग. आम्ही घरून मागवतो.” त्यावर बाकीचे हसले. पाहुण्यानं असं म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. मी डबा घेऊन उठले. मुजल्ली आडवा आला, मी कोपरानं त्याला बाजूला केलं.

दारात उभी राहून मी डबा दाखवला. “कॉफी भरपूर आहे, हाज. पण तुमचं मागणं माझ्याकडे आहे. पेला माझ्यासमोर ठेवणार असाल तर आत्ता करते.”

सगळ्यांचे डोळे गालिच्यावर गेले. हाज सल्लूमनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“पोरी, पन्नास वर्षं मी जाहा घेऊन फिरतोय. बाईसमोर पेला ठेवला नाही.”

“मग आजही ठेवू नका. तहान लागली तर अंगणात नळ आहे.”

अबू मिसबाहचा चेहरा काळानिळा झाला. जाहात मागणाऱ्यानं स्वतः बोलायचं नसतं, म्हाताऱ्यांनी बोलायचं असतं, म्हणून बिचारा दात आवळून बसला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी परत वळणार, एवढ्यात दाराजवळून, जिथं चपलांचा ढीग होता तिथून, एक आवाज आला.

“हिला ड्रॉवरचं विचारा.”

खलफ. माझा खलफ, त्या अकरांतला एक, चपलांशेजारी पाय दुमडून बसलेला. मी माणसं मोजली होती, चेहरे बघितले नव्हते. भिंतीला टेकून बसला होता आणि एवढं बोलूनच त्याला दम लागला होता.

“तू इथं कशाला?” मी विचारलं. “तू यांच्या बाजूनं आलास?”

“मीच आणलंय यांना. हाजच्या दारी तीनदा गेलो, तेव्हा ते तयार झाले.” मग तो इतरांकडे वळला. “अबू मिसबाहनं तिसऱ्या दिवशी पडदे काढले. धुराडं बसवलं, मी स्वतः बघितलं, चांगलं बसवलंय. अर्ज दिला. हिच्या कचेरीतला कारकून सांगतो, अर्ज चहाच्या डब्याखाली आहे. चाळीस दिवस झाले, ताई. हा कुठला नियम?”

हातातला डबा मी खाली केला. 

“तू माझ्यासाठी केलंस, माहितेय,” खलफ म्हणाला. “पण मला विचारलंस? मला बावीस वर्षांत निखाऱ्यांशिवाय दुसरं काही येत नाही. चाळीस दिवस मी घरी बसलो, फिद्दाच्या हातची भाकरी खात. फिद्दा काही बोलली नाही, पण भाकरी बोलते. अबू मिसबाहकडे तीस चिलमी होत्या, आता मोकळ्या हवेत असत्या. तू दार उघडलं नाहीस, म्हणून गुरुवारी मी वर गेलो.”

त्यानं जाकिटाची चेन खाली ओढली. आत हॉटेलचा लालसर कोट होता, छातीवर सोनेरी तारे शिवलेले.

“रविवारपासून. नव्वद चिलमी. कोळसा जिन्याखाली पेटवतात, तिथं खिडकी नाही. विचारलं मी. म्हणाले, पाहुण्यांना वास नको म्हणून दार पण लावून घ्यायचं. आणि तिथं तुझा शिक्का येत नाही.”

“मग नाही म्हण. आज नाही म्हण.”

“शब्द दिलाय. आज आलोय ते अबू मिसबाहसाठी. त्याचं तरी दार उघडू दे. त्यानं चूक केली, भरली. माझ्यामुळे तो का बसावा?”

मी स्वयंपाकघरात गेले. फिद्दानं न बोलता किटली पुन्हा गॅसवर ठेवली होती. कॉफी टाकताना निम्मी ओट्यावर सांडली. फिद्दानं ती तळहातानं गोळा केली आणि किटलीत टाकली. “जा,” ती म्हणाली, “आणि सरळ बोल एकदाची.”

मी स्वतः ओतली, स्वतः नेली. पहिला पेला हाज सल्लूमला. त्यानं तो घेतला, मुजल्लीकडे बघितलं, मुजल्लीनं छताकडे बघितलं. म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. मग पुढे वाकून त्यानं पेला माझ्या पायांपाशी ठेवला.

“नजाह बिन्त सालेम,” तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदा ऐकलं. “अबू मिसबाहचं दार मागायला आलोय. मिळेस्तोवर पिणार नाही.”

“प्या, हाज. उद्या सुट्टी असली तरी सील काढते. पडदा परत लागला तर परत ठोकेन. अर्ज मी दाबून ठेवला होता, ती चूक माझी.”

सगळे प्याले. अबू मिसबाहनं एका घोटात संपवला आणि पेला परत देताना माझ्याकडे बघितलं नाही. मला त्याच्याकडून आभार नकोच होते. मला दुसरंच हवं होतं.

“आता माझं ऐका,” मी म्हटलं. “उद्या हेच अकराजण माझ्याबरोबर टेकडीवर चला. हॉटेलवाल्याच्या दिवाणखान्यात बसू. तिथं पेला खाली ठेवू. एक तर हुक्के उघड्या गच्चीवर आण नाहीतर बंद कर, आणि जिन्याखाली माणूस ठेवू नकोस. जो नियम अबू मिसबाहला, तोच त्याला. एवढंच मागायचं.”

उत्तरं भराभर आली. एकाच्या मुलीचं लग्न हॉटेलच्याच हॉलमध्ये ठरलं होतं. एकाचा पुतण्या तिथं गाड्या लावायला होता. एकाला अम्मानला जायचं होतं. एकजण म्हणाला, हॉटेलवाला आपल्यातला नाही, त्याला रीत कळत नाही, पेला ठेवला तर नोकर येऊन उचलून नेईल. हाज सल्लूम शेवटी बोलला. “त्यांचं खातं वेगळं आहे, पोरी. तूच तर सांगत असतेस.”

“अबू मिसबाहचं दार मागायला तुम्हाला गुडघे होते,” मी म्हटलं. “टेकडी चढायला नाहीत.”

 मी किटलीतली उरलेली कॉफी माझ्या पेल्यात ओतली. चपलांच्या ढिगाजवळ गेले आणि तो पेला खलफसमोर जमिनीवर ठेवला.

“खलफ, तू वर जाणार नाहीस असं म्हणेस्तोवर मी पिणार नाही.”

मुजल्लीनं डोकं हातात धरलं. सख्ख्या भावाकडे बहीण जाहा घेऊन आली असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. खलफ पेल्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी बघितलं, आणि तो मला त्यासाठी माफ करणार नाही हेही मला कळलं.

“सगळ्यांदेखत,” तो म्हणाला. “चाळीस दिवस घरात होतो. तेव्हा नाही विचारलंस.” त्यानं बूट शोधले, लेस न बांधता पायात घातले आणि गेला. पेला तिथंच राहिला.

मी बोलले ते बोलले. मी दिवसाला सात पेले पिणारी बाई. त्या दिवसापासून थेंब नाही. पहिले चार दिवस डोकं फुटायचं बाकी होतं. रोज सकाळी मी एक पेला ओतायची आणि न्याहारीच्या ताटात खलफसमोर ठेवायची. लेबनेचं घट्ट दही, झातरचा मसाला, भाकरी आणि मध्ये तो पेला. खलफ त्याच ताटातून दोन घास घ्यायचा. चेहरा राखेच्या रंगाचा, एक हात सतत कपाळावर.

“पी ना गं,” म्हणायचा.

“तू खाली ये.”

“पगार चांगला आहे.”

“डोकं दुखतंय ना?”

“सगळ्यांचंच दुखतं.” आणि तो वर जायचा. संध्याकाळी फिद्दा पेला सिंकमध्ये ओतून धुवायची.

आमच्याकडे कुणाच्या घरी कॉफी नाकारणं सोपं नाही. कारण सांगावं लागतं, नाहीतर त्या घराशी वैर. आणि मी तर दिवसाला दहा दारं चढते. खाटकानं पेला पुढे केला, मी नको म्हटलं. का? सांगितलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं केला, तिला सांगितलं. दातांच्या डॉक्टरनं केला, त्यालाही. टेकडीवरच्या हॉटेलात जिन्याखाली बिनखिडकीच्या खोलीत माझा भाऊ नव्वद चिलमींचा कोळसा पेटवतो, दार लावून. तो खाली येईस्तोवर मी पीत नाही. दुसऱ्या आठवड्यात तर मला सांगायची गरजच उरली नाही, बायकाच आधी विचारायच्या, “आला का गं तुझा भाऊ?” आणि मग त्यांच्यातल्या एखादीला आठवायचं की आपली पोरं पण वर जातात, आणि आपली सून चौथ्या महिन्यात त्याच हॉलमध्ये एका साखरपुड्याला बसली होती. जिचं लग्न तिथं ठरलं होतं त्या मुलीच्या आईनं हॉल बदलला. नवरा ओरडला, पण तिनं बदलला. आणखी दोघींनी बदलला.

अबू मिसबाहचं दार उघडं होतं. अंगण चारी बाजूंनी मोकळं, धुराडं झकास, आणि चार गिऱ्हाइकं ओव्हरकोट घालून कुडकुडत बसलेली. बाकीचे वर, उबेत. मी रस्त्यानं जाताना दिसले की तो ओरडायचा, “ये, सित्त नजाह, बस. तुझ्या नियमाची हवा खा. फुकट आहे.”

“पाचवं पत्र टाकलंय,” मी म्हणायची.

“त्यानं माझी शेगडी पेटव,” तो म्हणायचा. चुकीचं काय बोलत होता?

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी खलफ घरी आला. मी जेवायला आले होते. तो दारात उभा राहिला, अंगावर कोट नव्हता, नुसता स्वेटर. मला वाटलं, पडला परत.

“काढलं मला,” तो म्हणाला.

“का?”

“मॅनेजर म्हणाला, तुझी बहीण गावभर कॉफी पीत नाही, म्हणून आमचे हॉल रिकामे जातायत. कोट काढून घेतला. दारातच. वेटर बघत होते.”

मला आनंद झाला. आधी तोच झाला, मी लपवत नाही. तो खाली आला होता, जिवंत, पायांवर, आणि त्याच्या नाकातून मोकळी हवा जात होती. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि आनंद जागच्या जागी विरला.

तो आत आला. न्याहारीचं ताट अजून तसंच होतं. सकाळचा पेला त्यात होता, वर साय आल्यासारखा थर धरलेला. खलफनं तो उचलून माझ्या हातात दिला.

“घे. मिळालं तुला. पी.”

मी प्याले. एकोणीस दिवसांनी, गार, कडू, खालच्या गाळासकट. तो समोर उभा राहून शेवटच्या घोटापर्यंत बघत होता.

“अबू मिसबाहकडे विचार,” मी म्हटलं.

“येता येताच विचारलं. चार माणसांचे निखारे तो स्वतःच ठेवतो. मला कुठून देणार?” तो स्टुलावर बसला आणि बुटांच्या लेस सोडू लागला. आता त्याला कुठं जायचं नव्हतं, म्हणून अगदी सावकाश सोडत होता.

“आणि जिन्याखाली आता कोण आहे?”

“हाज सल्लूमचा धाकटा जावई. काल मॅनेजरनं त्याला खोली दाखवली. म्हणाला, बरंय की, इथं गरम असतं.” खलफनं एक बूट काढून बाजूला ठेवला. “त्याला अजून माहीत नाही, एकदा लावलं की दार आतून उघडत नाही ते. आज मी सांगायला थांबलो होतो, पण मला बाहेर काढलं.”

मी उठून किटली गॅसवर ठेवली. कॉफी टाकली, वेलदोडा टाकला, तीनदा उकळी आणली. एक पेला ओतला.

“परत कुणासाठी?” खलफनं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यावरच होता, आणि बरोबर होता.

मी पेल्यावर बशी ठेवली, डोक्याला रुमाल बांधला आणि तो पेला न सांडता हातात धरून हाज सल्लूमच्या घराकडे निघाले.